दूरचित्रवाणीवरील जुन्या विज्ञानकथा व त्यांतील चमत्कृतिदृश्यांचे नूतनीकरण

विज्ञानकथेच्या लेखकाला अंतराळयान उडविण्यास एक वाक्य पुरते. तेच यान पडद्यावर उडवावयाचे झाले तर सुतार, रंगारी, छायाचित्रकार, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि संकलक अशा अनेकांचे हात त्यास लागतात. आणि एवढे करूनही प्रेक्षकाला ते यान काही क्षणच दिसते. अशा दृश्यांना आपल्याकडील चित्रपटव्यवसायात ‘ट्रिकसीन’ हे नाव रूढ आहे. प्रस्तुत लेखात त्यांना ‘चमत्कृतिदृश्ये’ असे म्हटले आहे.

गेल्या सुमारे तीन दशकांत इंग्लंड व अमेरिकेतील काही प्रसिद्ध विज्ञानमालिकांमधील जुनी चमत्कृतिदृश्ये काढून त्यांच्या जागी संगणकावर तयार केलेली नवी दृश्ये बसविण्यात आली. या उद्योगाला कोणी जीर्णोद्धार म्हटले, तर कोणी ढवळाढवळ. वस्तुतः या दोन्ही शब्दांनी प्रश्न सुटत नाही. जुन्या कृतीत नवे दृश्य घालणे योग्य की अयोग्य, हे ठरविण्यापूर्वी ते जुने दृश्य मुळात कसे घडले होते आणि त्याची कोणती सामग्री आज शिल्लक आहे, हे पाहिले पाहिजे. भारतीय मालिकांच्या बाबतीत तर या दुसऱ्या प्रश्नाला विशेष निकड आहे.

१. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

चमत्कृतिदृश्य ही वस्तू महाराष्ट्राला परकी नाही. धुंडिराज गोविंद फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण व मुद्रण या दोन्ही कलांत मुरलेले होते. शिवाय ‘प्रोफेसर केळफा’ हे स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटवून घेतलेले नाव धारण करून ते जादूचे प्रयोगही करीत. चित्रपटासाठी भांडवल मिळावे म्हणून त्यांनी जो लघुपट तयार केला त्यात वाटाण्याचा अंकुर वाढताना दाखविला होता. ठराविक वेळाने एकेक चित्र घेत, अनेक दिवसांची वाढ त्यांनी काही क्षणांत बसविली. भारतीय चित्रपटातील ही एक आद्य चमत्कृती. आणि तिचा विषय पुराणातील नसून वनस्पतिशास्त्रातील होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यानंतर ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांतून फाळक्यांनी आपले तंत्र वाढवीत नेले. पुढे प्रभात फिल्म कंपनीने ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये वैकुंठास जाणारे विमान दाखविले, तर ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये भिंत चालविली. वैकुंठाचे विमान आणि परग्रहावरील यान यांच्यामागील श्रद्धा वेगळ्या असल्या तरी ती पडद्यावर उडविण्याची युक्ती पुष्कळशी एकच असते. म्हणूनच दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेत आकाशात परस्परांना भिडणारे बाण आणि १९८९ सालच्या ‘इंद्रधनुष’ व ‘स्पेस सिटी सिग्मा’ या विज्ञानमालिकांतील दृश्ये ही तंत्राच्या दृष्टीने एकाच घराण्यातील मानावी लागतात. १९९८ साली आलेल्या ‘कॅप्टन व्योम’ या मालिकेत हे घराणे संगणकाच्या हाती गेले.

मराठवाड्यातील प्रेक्षकांची या सर्वांशी ओळख प्रामुख्याने दूरदर्शनमुळे झाली. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९८२ मध्ये दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. आणि १९८३ पासून इन्सॅट-१ब उपग्रह व त्यामागोमाग उभारलेली लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे यांमुळे राष्ट्रीय कार्यक्रम महानगरांबाहेर पोहोचू लागला. त्याच दशकात ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिकाही दूरदर्शनवर दाखविली गेली. तेव्हा ज्या मालिकेच्या नूतनीकरणाची पुढे सर्वाधिक चर्चा झाली, ती आपल्याकडील एका पिढीने तिच्या मूळ रूपात पाहिलेली आहे.

२. जुनी दृश्ये कशी घडत

‘स्टार ट्रेक’चे ७९ भाग १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झाले. मालिका दूरचित्रवाणीसाठी असली तरी तिचे चित्रण चित्रपटाप्रमाणे ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर झाले होते. ‘एंटरप्राइज’ या यानाची मोठी प्रतिकृती सुमारे अकरा फूट लांबीची होती. १९७४ पासून ती वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. एवढी जड प्रतिकृती हालविणे सोयीचे नसल्याने ती निळ्या पडद्यासमोर स्थिर ठेवीत आणि कॅमेराच तिच्या दिशेने सरकवीत. पाहणाऱ्यास मात्र यानच पुढे येत असल्याचा भास होई.

निळा पडदा वापरण्याचे कारण असे की प्रयोगशाळेत त्या रंगाचा भाग वेगळा काढून यानाच्या आकाराचा मुखवटा, म्हणजे ‘मॅट’, तयार करता येई. मग ताऱ्यांचे आकाश, ग्रह, शस्त्राचा किरण आणि यान या स्वतंत्रपणे चित्रित केलेल्या घटकांना ‘ऑप्टिकल प्रिंटर’ नावाच्या यंत्रावर एकामागून एक नव्या फिल्मवर उतरवीत. हे यंत्र म्हणजे फिल्मचेच पुन्हा छायाचित्र घेणारा कॅमेरा होय. माणूस एका जागी अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकट होण्याचे जे दृश्य त्या मालिकेची खूणच बनले, त्यासाठी ॲल्युमिनियमची भुकटी काळ्या पार्श्वभूमीवर प्रखर प्रकाशात उधळून चित्रित केली होती. तो चकाकणारा पाऊस नंतर माणसाच्या आकृतीत बसविण्यात आला.

या पद्धतीत एक अटळ दोष होता. फिल्मची नक्कल, नकलेची नक्कल असा प्रवास होताना प्रत्येक पायरीस चित्रातील कण जाड होत, रंग मलूल होत आणि धुळीचे ठिपके वाढत. त्यामुळे अभिनयाची दृश्ये स्वच्छ आणि चमत्कृतिदृश्ये मात्र किंचित मळकट, असा भेद त्याच भागात निर्माण होई. शिवाय दर आठवड्यास एक भाग द्यावयाचा असल्याने वेळ व पैसा दोन्ही अपुरे पडत. यान जाण्याचे तेच दृश्य अनेक भागांत पुन्हा वापरले जाई. ‘द डूम्सडे मशीन’ (१९६७) या भागातील उद्ध्वस्त यानासाठी तर दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या जोडखेळण्याचा उपयोग केला गेला.

या दृश्यांचे खरे स्वरूप समजण्यास जालन्याच्या वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली, आणि पुढे हे शहर संकरित बियाण्यांचे मोठे केंद्र झाले. बीजोत्पादनाशी ज्याचा संबंध आला आहे त्यास ठाऊक असते की संकरित बियाणे हे दोन जनक वाणांच्या संयोगातून येते. जनक वाण शुद्ध स्वरूपात राखलेले असतील तर तेच बियाणे पुन्हा पुन्हा तयार करता येते. उलट, हाती केवळ संकरित पीक असेल तर त्याचे दाणे पेरून पुढील हंगामात तसेच पीक येत नाही, आणि त्यातून मूळ जनक वाणही जसेच्या तसे परत मिळत नाहीत. चमत्कृतिदृश्य हेही असेच संकरित पीक आहे. यान, आकाश, ग्रह हे त्याचे जनक. ते घटक वेगवेगळे जपलेले असतील तर दृश्य नव्याने आणि अधिक स्वच्छ जुळविता येते. केवळ जुळलेले दृश्यच उरले असेल तर त्याची सफाई करता येते, पण त्यातील घटक मूळ दर्जाने सुटे करता येत नाहीत.

३. दोष आताच का दिसू लागला

१९६६ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे चित्र ५२५ रेषांचे होते. भारताने पुढे स्वीकारलेली पद्धती ६२५ रेषांची. पडदा लहान, ग्रहण अनेकदा अस्पष्ट, आणि पुष्कळ घरांत संच कृष्णधवल. अशा संचावर फिल्मचे जाड कण किंवा मॅटची कड सहसा नजरेस येत नसे. निर्मात्यांनीही हाच पडदा डोळ्यांपुढे ठेवून काम केले होते. म्हणजे त्या दृश्यांतील अपुरेपणा हा सर्वस्वी कारागिराचा दोष नव्हे. ज्या पडद्यासाठी ती घडविली त्या पडद्याला ती पुरेशी होती.

पुढे १०८० रेषांचे मोठे पडदे घरोघर आले. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये जुन्या दूरचित्रवाणीच्या चित्राहून कितीतरी अधिक तपशील साठविलेला असतो. ती फिल्म नव्या यंत्राने वाचली असता नटांच्या पोशाखाचे विणकामदेखील दिसू लागले. पण जो प्रकाश पोशाखावर पडला तोच चमत्कृतिदृश्यांच्या कणांवर व ठिपक्यांवरही पडला. पूर्वी झाकलेला भेद आता उघडा झाला, आणि नूतनीकरणाची मागणी पुढे आली ती प्रामुख्याने या कारणाने.

४. नूतनीकरणाचे तीन प्रकार

आजवरची उदाहरणे पाहता शिल्लक सामग्रीनुसार तीन प्रकार स्पष्ट दिसतात.

पहिला प्रकार संपूर्ण बदलाचा. ‘स्टार ट्रेक’चे नूतनीकृत भाग सप्टेंबर २००६ पासून प्रक्षेपित होऊ लागले. अभिनयाची दृश्ये मूळ निगेटिव्हवरून पुन्हा घेण्यात आली आणि यान, ग्रह व अंतराळ यांची दृश्ये संगणकावर नव्याने रचण्यात आली. संगणकातील यानासाठी स्मिथसोनियनमधील मूळ प्रतिकृतीची मापे आधारास घेतली. नवे दृश्य शक्यतो जुन्या दृश्याच्याच लांबीचे ठेवण्याचा दंडक पाळला गेला, कारण लांबी बदलली की संकलन व पार्श्वसंगीत यांचा मेळ बिघडतो. ‘द डूम्सडे मशीन’मधील प्लास्टिकच्या यानाची जागा अधिक तपशीलवार भग्न यानाने घेतली. २००९ पासून आलेल्या ब्ल्यू-रे तबकड्यांवर मात्र एक महत्त्वाची सोय होती: प्रेक्षकाला जुनी व नवी यांपैकी कोणतीही दृश्ये निवडता येत.

दुसरा प्रकार मूळ घटकांच्या पुनर्जुळणीचा. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७–१९९४) या मालिकेचे १७८ भागही फिल्मवरच चित्रित झाले होते, परंतु त्यांचे संकलन आणि चमत्कृतिदृश्यांची जुळणी खर्च वाचविण्यासाठी व्हिडिओ टेपवर करण्यात आली. परिणामी, पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. २०१२ ते २०१४ या काळात ही मालिका नव्या पडद्यासाठी सिद्ध करताना साठवणीतील मूळ रिळे शोधून प्रत्येक भाग पुन्हा संकलित करावा लागला. सुदैवाने प्रतिकृतींचे चित्रणही फिल्मवर जपलेले होते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तीच जुनी याने नव्याने जुळविता आली. काही थोड्या दृश्यांचे मूळ चित्रण सापडले नाही, तेथे टेपवरील चित्र वाढवून घेण्यावाचून इलाज उरला नाही. जनक वाण जपल्याचे फळ या उदाहरणात स्पष्ट दिसते.

तिसरा प्रकार अगतिकतेचा. ‘बॅबिलॉन ५’ ही मालिका १९९० च्या दशकातील. तिचे अभिनयाचे चित्रण फिल्मवर, तर अंतराळाची दृश्ये प्रारंभापासूनच संगणकावर झालेली. ही दृश्ये त्या काळच्या दूरचित्रवाणीला पुरेल एवढ्याच तपशिलाने काढलेली होती. फिल्म पुन्हा वाचून अधिक तपशील मिळविता येतो. संगणकाने जे चित्र कमी तपशिलाने काढले त्यात मात्र दडलेला तपशील मुळातच नसतो. ते चित्र पुन्हा मोठे काढण्यासाठी यानांचे मूळ संगणकीय आराखडे हवेत, आणि तेच नीट जपले गेले नव्हते. म्हणून २०२१ साली मालिकेची नवी आवृत्ती आली तेव्हा अभिनयाची दृश्ये उजळली, परंतु संगणकीय दृश्ये केवळ मोठी करून घेण्यात आली. नव्या तंत्राची सामग्री जुन्या तंत्राच्या सामग्रीपेक्षा अधिक टिकाऊ असते, या समजाला या उदाहरणाने धक्का दिला. अकरा फुटांची लाकडी व प्लास्टिकची प्रतिकृती सहा दशके टिकली. संगणकातील याने तिच्याहून अल्पायुषी ठरली.

५. प्रेक्षकांचा कौल

नूतनीकरण तंत्रदृष्ट्या शक्य असले म्हणजे ते प्रेक्षकांस रुचतेच असे नाही. ‘रेड ड्वार्फ’ या विनोदी इंग्रजी विज्ञानमालिकेच्या पहिल्या तीन मालांची नूतनीकृत आवृत्ती १९९८ साली निघाली. तीत प्रतिकृतींची दृश्ये काढून संगणकीय दृश्ये घातली होती. जुन्या रसिकांनी तिचे फारसे स्वागत केले नाही, आणि २००२ पासून निघालेल्या डीव्हीडी आवृत्तीसाठी निर्मात्यांनी मूळ भागच निवडले. संगणकाची ती दृश्ये १९९८ च्या तंत्राची होती. काही वर्षांतच ती प्रतिकृतींपेक्षाही अधिक जुनी वाटू लागली. प्रतिकृतीवर पडलेला प्रकाश खरा असतो, त्यामुळे तिला वस्तूचा एक भारदस्तपणा लाभतो. अपुऱ्या संगणकीय चित्रात नेमका तोच नसतो.

‘डॉक्टर हू’च्या बाबतीत बीबीसीने वेगळा मार्ग धरला. १९६४ सालच्या ‘द डॅलेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ आणि १९७५ सालच्या ‘द आर्क इन स्पेस’ या कथांच्या डीव्हीडी निघाल्या तेव्हा नवी दृश्ये तयार केली गेली, पण ती ऐच्छिक ठेवण्यात आली. मूळ कथा अबाधित राहिली आणि नवे दृश्य तिच्याशेजारी उभे राहिले. येथे भांडणास फारसे कारणच उरत नाही.

आपल्याकडील एक अनुभवही या संदर्भात बोलका आहे. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले. त्यातील चमत्कृतिदृश्ये १९८७ चीच होती, आणि आजच्या पडद्यावर त्यांतील जोड सहज दिसत होते. तरीही देशभर मालिका आवडीने पाहिली गेली. त्यांत ती प्रथमच पाहणारी तरुण पिढीही होती. प्रेक्षक चमत्कृतीकडे केवळ भुलण्यासाठी पाहत नाही. कथेने केलेला संकेत तो मान्य करतो आणि पुढे चालतो. दशावतारी नाटकात किंवा कीर्तनात हा संकेत महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे. कीर्तनकाराने उपरण्याची कृती केली की तोच शेला होतो आणि तोच लगाम. श्रोत्यांपैकी कोणीही खरा घोडा मागत नाही.

६. अजिंठ्याचा धडा

मूळ कृतीवर नवा थर देण्याच्या प्रश्नाचा विचार मराठवाड्यात चित्रपटाच्या फार पूर्वी करावा लागला आहे. जालन्याच्या शेजारच्या जिल्ह्यातील अजिंठ्याची भित्तिचित्रे निजामाच्या राजवटीत ढासळू लागली, तेव्हा संस्थानच्या पुरातत्त्व विभागाने लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटू पाहणारा गिलावा पक्का केला. हे काम मोलाचे होते. पण त्याबरोबरच चित्रे उजळ दिसावीत व सुरक्षित राहावीत म्हणून लाखेचे रोगणही त्यांवर देण्यात आले. प्रारंभी चित्रे खुलली. कालांतराने मात्र ते रोगण पिवळट-तपकिरी झाले, त्याने धूळ व काजळी धरली आणि खालचे रंग झाकोळले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना तो थर अतिशय जपून उतरविण्याचे काम करावे लागले.

यात कोणाच्या हेतूवर ठपका ठेवण्याचे कारण नाही. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच वाटले होते. मात्र या अनुभवातून जतनशास्त्राने एक नियम दृढ केला: नव्याने घातलेले काहीही पुढे काढता आले पाहिजे. आज जे उत्कृष्ट वाटते ते वीस वर्षांनी कसे दिसेल हे आज कळत नाही. ‘रेड ड्वार्फ’ची संगणकीय दृश्ये आणि अजिंठ्याचे रोगण ही या एकाच नियमाची दोन उदाहरणे होत.

७. आपल्याकडील सामग्रीची स्थिती

जुन्या भारतीय कृतींवर नवे तंत्र चढविण्याचे काम मुंबईत झालेले आहे. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) हा मुख्यतः कृष्णधवल चित्रपट २००४ साली पूर्णपणे रंगीत करून प्रदर्शित करण्यात आला. ‘शोले’ (१९७५) हा चित्रपट जानेवारी २०१४ मध्ये त्रिमितीय रूपात आला. ते रूपांतर केतन मेहता यांच्या माया डिजिटल या संस्थेने केले. ‘कॅप्टन व्योम’चे दिग्दर्शक तेच. २०२५ साली त्याच ‘शोले’ची दुसऱ्या प्रकारची आवृत्ती इटलीतील बोलोन्या येथे प्रथम दाखविली गेली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या या आवृत्तीत नवे काही घातलेले नव्हते. उलट १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे गाळावा लागलेला मूळ शेवट परत आणला होता. पहिल्या कामात चित्रपट प्रेक्षकाच्या नव्या सवयीकडे नेला, दुसऱ्यात प्रेक्षकाला मूळ चित्रपटाकडे आणले. दोन्ही कामे करता येतात, पण ती भिन्न आहेत आणि त्यांची नावेही भिन्न असावीत.

चित्रपटाच्या बाबतीत निदान फिल्म हा टिकाऊ आधार असतो. आणि तोही नेहमी वाचतो असे नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तरी जानेवारी २००३ मधील आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची पुष्कळ रिळे भस्मसात झाली. दूरचित्रवाणीची स्थिती याहून नाजूक आहे. आपल्या अनेक मालिका चुंबकीय फितीवर तयार झाल्या. या फितीवरील चुंबकीय भुकटी ज्या चिकट द्रव्याने बसविलेली असते ते दमटपणाने विघटित होते. फीत चिकटू लागते आणि यंत्रातून जाताना तिचा लेपच खरवडला जातो. शिवाय ती वाचणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत चालले आहेत. युनेस्कोने २०१९ साली चुंबकीय फितींविषयी जगभर इशारा देण्याचा उपक्रम हाती घेतला तो याच कारणाने.

फीत पुसून पुन्हा वापरता येते, हा तिचा गुण हाच तिचा घातही ठरला. बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे १९६० च्या दशकातील अनेक भाग याच रीतीने गमावले. त्यांपैकी काही परदेशी विकलेल्या प्रतींतून परत मिळाले. २०१३ साली नायजेरियातून नऊ हरवलेले भाग परत मिळाल्याचे जाहीर झाले. ज्या भागांचे चित्र आजही उपलब्ध नाही त्यांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण प्रक्षेपण चालू असताना काही सामान्य प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. ज्या वेळी संस्था विसरली त्या वेळी प्रेक्षकाने राखले, असा हा इतिहास आहे.

या दृष्टीने ‘इंद्रधनुष’, ‘स्पेस सिटी सिग्मा’ किंवा ‘कॅप्टन व्योम’ यांच्या नूतनीकरणाचा विचार करावयाचा झाल्यास पहिला प्रश्न ‘नवी दृश्ये कशी असावीत’ हा नसून ‘मूळ काय उरले आहे’ हा आहे. चित्रणाच्या मूळ फिती, न जुळविलेले घटक, संगणकीय आराखडे, प्रतिकृती, संकलनाच्या याद्या यांपैकी जे उपलब्ध असेल त्यावर पुढील सर्व मार्ग अवलंबून राहतील. ते नसेल तर उत्तमातील उत्तम तंत्रज्ञदेखील नवे दृश्य करील ते अनुमानाने. आणि अनुमान हे कितीही देखणे असले तरी दस्तऐवज होऊ शकत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून कर्तव्यांचा एक क्रम हाती येतो. प्रथम मूळ कृती तिच्या मूळ दोषांसह, आहे त्या उच्चतम दर्जाने उतरवून सुरक्षित करावी. दुसरे, तिच्या घटकांची नोंद करून ते स्वतंत्रपणे जपावेत. तिसरे, सफाई करताना काळाने आणलेला मळ आणि कारागिराने ठेवलेली खूण यांत भेद करावा. फितीवरील ओरखडा काढणे उचित, यान ज्या तारेवर टांगले होते ती तार पुसणे हा मात्र वेगळा निर्णय होय. चौथे, नवी दृश्ये करावयाची असल्यास ती खुशाल करावीत, परंतु स्वतंत्र आवृत्ती म्हणून, वर्ष व कर्ते नमूद करून, आणि मूळ आवृत्ती तितक्याच सुलभपणे उपलब्ध ठेवून. हा क्रम उलटा केला तर नवे दृश्य पुढील पिढीला जुने वाटेल त्या दिवशी परत फिरण्यास वाटच उरणार नाही.

या कामात मोठ्या शहरांतील संस्थांइतकाच जिल्ह्यांचाही वाटा असू शकतो. १९८० व १९९० च्या दशकांत अनेक घरांत, व्हिडिओ केंद्रांत व केबलचालकांकडे दूरदर्शनचे कार्यक्रम व्हीएचएस कॅसेटवर उतरवून ठेवलेले असत. जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथील माळ्यांवर व कपाटांत अशा कॅसेटा असल्यास त्या भंगारात देण्यापूर्वी त्यांवर काय आहे हे पाहून ठेवणे अगत्याचे आहे. विद्यार्थ्यांनी गावोगाव अशा कॅसेटांची यादी करणे हा अल्प खर्चाचा, परंतु खऱ्या उपयोगाचा संशोधनप्रकल्प होईल. यादीत कॅसेटवरील मजकूर, ध्वनिमुद्रणाचा काळ, फितीची अवस्था आणि मालकाची संमती एवढ्या चार गोष्टी आल्या तरी प्रारंभ झाला असे म्हणता येईल. फितीला बुरशी आलेली असल्यास ती घरच्या यंत्रात चालवून पाहू नये. कोरड्या जागी उभी ठेवून तज्ज्ञाकडे द्यावी.

जनक वाण एकदा हातचे गेले तर संकरित बियाणे पुन्हा तयार होत नाही, हे जालन्याच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. दूरचित्रवाणीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. नूतनीकरण आज करावे की दहा वर्षांनी, याला सवड आहे. मूळ फीत जपण्यास तेवढी सवड नाही.